व्हॅल मरी की ग्रॅव्हलबर्ग? सास्काचेवानच्या माळावर घर घेण्याआधी

कॅनडात टोरांटोशेजारच्या ब्रॅम्प्टनमध्ये कुणाच्या तरी तळघरात भाडं भरून वैतागलेली मराठी मंडळी हल्ली रात्री घरांच्या संकेतस्थळांवर एक खेळ खेळतात. किमतीची मर्यादा एक लाख डॉलरवर आणायची आणि नकाशा पश्चिमेकडे सरकवत न्यायचा. ओंटारिओ संपेपर्यंत फारसं काही हाती लागत नाही. मॅनिटोबा ओलांडून सास्काचेवान प्रांतात शिरलं की घरं दिसू लागतात. तीन बेडरूम, तळघर, गॅरेज, मागे भलंमोठं अंगण. टोरांटोजवळ एवढ्या पैशात धड डाउन पेमेंटही होत नाही. मग ओळखीपाळखीतून निरोप येतो, "तुम्ही तिकडेच असता ना? हे गाव कसं आहे हो?"

गावागावात फरक असतो आणि तो जाहिरातीतल्या फोटोंत दिसत नाही. म्हणून इथे दोनच ठिकाणं समोरासमोर ठेवतो, व्हॅल मरी आणि ग्रॅव्हलबर्ग. दोन्ही सास्काचेवानच्या नैर्ऋत्येला, अमेरिकेच्या सीमेपासून फार लांब नाहीत. दोन्ही फ्रेंच भाषक पाद्र्यांनी वसवलेली. ग्रॅव्हलबर्ग १९०६ मध्ये लुई-पियेर ग्राव्हेल यांनी, व्हॅल मरी १९१० मध्ये क्लोद पासाप्लां यांनी. जमीन तशीच, वारा तोच, हिवाळा तोच. मोठा फरक आकाराचा. व्हॅल मरीत शंभर-सव्वाशे माणसं, ग्रॅव्हलबर्गमध्ये हजाराच्या आसपास. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या एका विंगमध्ये व्हॅल मरीपेक्षा जास्त लोक राहतात.

सरकारदरबारी व्हॅल मरी 'व्हिलेज' आहे आणि ग्रॅव्हलबर्ग 'टाउन'. इथल्या कायद्यात टाउनसाठी ५०० आणि सिटीसाठी ५००० वस्ती लागते. आपल्याकडे शंभर माणसांच्या वाडीला स्वतःची ग्रामपंचायत मिळत नाही, शेजारच्या दोन वाड्यांबरोबर ती गट ग्रामपंचायतीत जाते. इथे त्या शंभर माणसांना स्वतःचा महापौर, स्वतःची कौन्सिल, स्वतःची पाणीयोजना आणि स्वतःचा अर्थसंकल्प असतो. ऐकायला झकास वाटतं, पण पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथेच आहे. कामं टाउनइतकीच, वाटून घ्यायला माणसं दहावा हिस्सा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. शाळकरी मुलं असतील, घरात कुणाला वरचेवर डॉक्टर लागत असेल किंवा नोकरी तिथेच शोधायची असेल, तर व्हॅल मरीचा विचार सोडा आणि ग्रॅव्हलबर्ग बघा. पगार बाहेरून येत असेल, तब्येत ठणठणीत असेल आणि संध्याकाळी लोकांच्या कामाला जायची हौस असेल, तर व्हॅल मरी खरोखर सुंदर आहे. या दोहोंच्या मध्ये असणाऱ्यांनी पुढचं वाचावं.

ही गावं इथे आलीच कशी

१८७२ च्या डोमिनियन लँड्स कायद्याने दहा डॉलर शुल्क भरणाऱ्याला १६० एकर जमीन देऊ केली. अट एवढीच की तिथे राहायचं, घर बांधायचं आणि ठरलेल्या मुदतीत जमीन कसायला घ्यायची. सगळा माळ सहा मैल बाय सहा मैलांच्या चौकोनांत मोजला गेला. विमानातून पाहिलं तर आजही ते चौकोन दिसतात. ही जमीन रिकामी नव्हती. १८७४ चा 'ट्रीटी ४' हा करार याच भागातल्या क्री, सोतो आणि असिनिबोइन लोकांशी झाला होता, आणि व्हॅल मरीजवळच्या माळावर त्यांच्या तंबूंच्या कडेला ठेवलेल्या दगडांची वर्तुळं अजून जागेवर आहेत.

मग रेल्वे आली. घोडागाडीने गहू घेऊन एका दिवसात जाऊन परत येता यावं, इतक्या अंतरावर स्टेशनं पडली. प्रत्येक स्टेशनाला लाकडी एलेव्हेटर, म्हणजे धान्याचं उंच कोठार. एलेव्हेटरपाठोपाठ दुकान, चर्च, शाळा आणि एक चिनी माणसाचं कॅफे. पुढे ट्रक आले, रस्ते सुधारले, शेतं मोठी झाली. १८९७ पासून धान्याच्या रेल्वेभाड्याला मिळणारी 'क्रो'ची सवलत १९९५ मध्ये पूर्णपणे संपली आणि रेल्वेचे फाटे बंद पडायचा वेग वाढला. आठ-दहा मैलांवर गाव असण्याचं कारणच उरलं नाही. कितीतरी व्हिलेजेसनी आपला दर्जा सोडून भोवतालच्या ग्रामीण नगरपालिकेत विलीन होणं पत्करलं.

या भागात टिकतं ते गाव, ज्याला धान्याशिवाय दुसरा आधार आहे. व्हॅल मरीचा आधार ग्रासलँड्स नॅशनल पार्क. मूळ गवताळ माळ राखण्यासाठी १९८१ मध्ये या पार्कचा करार झाला आणि त्याच्या पश्चिम भागाचं प्रवेशद्वार व्हॅल मरी आहे. २००५ च्या अखेरीस तिथे ७१ बायसन आणून सोडले. कॅनडात काळ्या शेपटीच्या प्रेअरी डॉगच्या, म्हणजे बिळात राहणाऱ्या खारीसारख्या प्राण्याच्या, वसाहती फक्त याच भागात दिसतात. २००९ मध्ये पार्कला 'डार्क स्काय'चा, म्हणजे रात्रीचा खरा काळोख राखलेल्या जागेचा, दर्जा मिळाला, आणि अमावास्येला तिथे उभं राहिलं की त्याचं कारण आपोआप कळतं.

ग्रॅव्हलबर्गचा आधार संस्था. चर्चने तिथे एकाच पिढीत जे उभारलं त्यावर गाव अजून जगतंय. १९१८ मध्ये कोलेज मात्यू हे फ्रेंच कॉलेज सुरू झालं, आणि १९१८-१९ मध्ये माळावर एकदम अंगावर यावं असं कॅथीड्रल उभं राहिलं. त्याच्या भिंती आणि छत तिथलेच पाद्री शार्ल माइयार यांनी १९२१ ते १९३१ अशी दहा वर्षं रंगवली. रुग्णालय आहे, वृद्धांचं निवासस्थान आहे, शाळा आहेत. म्हणजे वर्षभर पगार मिळणाऱ्या नोकऱ्या आहेत. पार्कच्या नोकऱ्यांपैकी बऱ्याच उन्हाळ्यापुरत्या असतात, हा फरक लक्षात ठेवा.

घर स्वस्त का असतं

दोन्हीकडे लाखाच्या आतली घरं दुर्मिळ नाहीत. व्हॅल मरीत विक्रीला आलेली घरं एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच असतात, त्यामुळे तिथे निवडीचा प्रश्नच नसतो. जे विकायला निघेल ते बघायचं.

घर पाहताना बहुतेक जण स्वयंपाकघर आणि बाथरूम बघतात. इथे पहिल्यांदा तळघरात उतरा. या भागातली चिकणमाती ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसते आणि पाया हलतो. भिंतीला आडवी भेग असेल आणि भिंत आत झुकलेली वाटत असेल, तर घर कितीही स्वस्त असो, परत फिरा. मग घर गरम ठेवणारी भट्टी कधी बसवली ते विचारा. माळ्यावर थंडी अडवायला घातलेल्या जुन्या व्हर्मिक्युलाइट या खनिजाच्या भरावात ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेही तपासून घ्या. घर हिवाळाभर रिकामं होतं का, हा प्रश्न तर टाळूच नका. गरम न ठेवलेल्या घरात पाइप फुटतात, आणि ते पुढच्या वर्षी भिंतीवरच्या डागांतून कळतं.

कर्जाचं म्हणाल तर मोठ्या बँका इतक्या लहान गावातल्या इतक्या लहान रकमेच्या गहाणखतात फारसा रस घेत नाहीत. उद्या घर विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मिळेल का, ही त्यांची शंका आहे, आणि ती रास्त आहे. स्थानिक क्रेडिट युनियनकडे, म्हणजे सभासदांच्या पतसंस्थेकडे, आधी जा. विम्याचा हप्ता अग्निशमन केंद्र किती लांब आहे आणि घरात लाकडाची शेगडी आहे का यावर हलतो, म्हणून सौदा पक्का करायच्या आधी विम्याचा आकडा हातात घ्या.

मालमत्ता करात नवखे हमखास फसतात. घर निम्म्या किमतीचं म्हणजे करही निम्मा, असं होत नाही. पुष्कळ लहान नगरपालिका घराच्या मूल्याशी संबंध नसलेला किमान किंवा मूळ कर लावतात, कारण सांडपाण्याचा पंप बदलायचा खर्च घरं साठ असोत की सहाशे, जवळपास तेवढाच येतो. पाणी आणि कचऱ्याचं बिल वेगळं. म्हणून गावच्या कार्यालयात तीन गोष्टी विचारा: गेल्या तीन वर्षांत कर किती वाढला, पाण्यावर सावधगिरीची सूचना लागू आहे का, आणि पाणी किंवा सांडपाण्याचं कुठलं मोठं काम पुढे येऊन ठेपलंय. ग्रॅव्हलबर्गमध्ये असा खर्च हजार जणांत वाटला जातो, व्हॅल मरीत शंभरांत. व्हॅल मरीचं घर वीस हजाराने स्वस्त दिसलं तरी हा हिशेब मांडल्यावर ती तफावत दहा वर्षांत विरून जाऊ शकते.

(नाममात्र भावात प्लॉट देणारी गावंही आहेत. मॅनिटोबातल्या पाइपस्टोनने दहा डॉलरला प्लॉट देऊन नाव कमावलं. पण तिथे ठरलेल्या मुदतीत घर बांधायची अट असते, आणि गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन सगळे शहरातून येणार, तेही येण्याजाण्याचं भाडं लावून.)

डॉक्टर

मला विचाराल तर खरा निर्णय इथेच होतो.

या मुलखाचा इतिहास गमतीशीर आहे. सगळ्यांना करातून आरोग्यसेवा हा प्रयोग कॅनडात ज्या ठिकाणी पहिल्यांदा यशस्वीपणे राबवला गेला, त्यात याच भागातल्या स्विफ्ट करंट शहराचं नाव वर आहे. तिथे १९४६ मध्येच प्रादेशिक आरोग्य योजना सुरू झाली, प्रांतभर ती १९६२ मध्ये आली आणि पुढे देशाने ती उचलली. त्याच प्रांताने १९९३ मध्ये खर्च कापायचा म्हणून ५२ ग्रामीण रुग्णालयं बंद केली किंवा साध्या आरोग्यकेंद्रांत बदलली. त्या जखमेबद्दल कॉफीच्या टेबलावर म्हातारी माणसं आजही बोलतात.

ग्रॅव्हलबर्गचं सेंट जोसेफ रुग्णालय त्या कापाकापीतून वाचलं. तातडीचे उपचार, काही खाटा, शेजारी वृद्धांची सोय, सगळं गावातच. पण ग्रामीण सास्काचेवानमध्ये डॉक्टर किंवा परिचारिका मिळाली नाही म्हणून तातडीचा विभाग काही तास, काही दिवस बंद ठेवावा लागतो, हेही नेहमीचंच. प्रसूतीसाठी शहर गाठावं लागतं, तज्ज्ञ डॉक्टर हवा तर प्रांताची राजधानी रजायना. तरी छातीत कळ आली तर दहा मिनिटांत कुणीतरी ईसीजी काढेल, ही शक्यता ग्रॅव्हलबर्गमध्ये आहे.

व्हॅल मरीहून स्विफ्ट करंटचं रुग्णालय सुमारे १२० किलोमीटर. हायवे ४ वर सरळ उत्तरेला, उन्हाळ्यात सव्वा तास. हिमवादळात हा रस्ताच बंद होऊ शकतो. २०१२ पासून 'स्टार्स'ची लाल हेलिकॉप्टर रुग्णवाहिका प्रांतात आहे, पण उडण्याजोगं हवामान तिलाही लागतं. जमिनीवरच्या रुग्णवाहिकेचं बिल घरी येतं आणि त्यात किलोमीटरचा हिशेब असतो. भारतातून आलेल्यांना वाटतं कॅनडात सगळं फुकट, त्यांनी हे लिहून ठेवावं. व्हॅल मरीसारख्या ठिकाणी रुग्णवाहिका पोचेपर्यंत जो तुमच्या दारात उभा राहील तो बहुधा प्रशिक्षण घेतलेला शेजारी असेल, शेतातून हात पुसत आलेला.

आईवडिलांना सुपर व्हिसावर, म्हणजे त्यांच्यासाठीच्या दीर्घ मुक्कामाच्या व्हिसावर, बोलवायचा विचार असेल तर व्हॅल मरीत नकोच. सत्तरीच्या माणसाला बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, बोलायला कुणी नाही आणि डॉक्टर १२० किलोमीटर. ग्रॅव्हलबर्गमध्ये निदान मुख्य रस्त्यावर चालत जाऊन टपाल आणता येतं.

मुलांची शाळा

ग्रॅव्हलबर्गमध्ये इंग्रजी माध्यमातून बारावीपर्यंत शिकता येतं आणि फ्रेंच शाळाही आहे. हजार वस्तीच्या गावात दोन शाळा हे ऐश्वर्यच म्हणायचं. व्हॅल मरीचा भाग शिनूक स्कूल डिव्हिजनमध्ये येतो. इतक्या लहान गावात दोन-तीन इयत्ता एका वर्गात बसतात, पट दहा-वीस मुलांवर हलतो आणि दोन कुटुंबं गाव सोडून गेली की शाळेच्या भवितव्याची बैठक लागते. घर घेण्यापूर्वी डिव्हिजनला फोन करून यंदा कितवीपर्यंत वर्ग आहेत, तुमच्या मुलाच्या इयत्तेत किती जण आहेत आणि बसने किती वेळ जाईल हे विचारा.

लहान वर्गात शिक्षकाचं लक्ष असतं, मूल आत्मविश्वासाने वाढतं, हे मी पाहिलेलं आहे. पण चौदाव्या वर्षी मुलीला इयत्तेतली एकच मुलगी मैत्रीण म्हणून मिळणार असेल, तर ते एकटेपण आईबापांच्या लक्षात उशिरा येतं.

रस्ता आणि हिवाळा

गाडीशिवाय दोन्हीकडे जगता येणार नाही. १९४६ पासून चालणारी प्रांताची सरकारी बससेवा ३१ मे २०१७ रोजी बंद झाली. ग्रेहाउंडनेही २०१८ मध्ये पश्चिम कॅनडा सोडला. नवराबायको दोघांनाही गाडी चालवता यायला हवी आणि शक्यतो गाड्याही दोन हव्यात. स्वस्त घराच्या हिशेबात ही दुसरी गाडी धरायची राहून जाते.

हिवाळ्यात तापमान उणे तीसपर्यंत सहज जातं, कधी त्याखाली. गाडीच्या तोंडातून एक विजेची वायर लोंबताना दिसते. ती इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची. रात्री ती भिंतीतल्या प्लगला लावायची. आणि सकाळी गाडी मागे घेताना काढायला विसरलात तर वायर तुटून प्लगला लटकत राहते. प्रत्येक नव्या माणसाकडून हे एकदा होतंच. गाडीत ब्लँकेट, फावडं, मेणबत्ती, सुका खाऊ ठेवायचा. निघण्याआधी 'हायवे हॉटलाइन'वर रस्त्याची अवस्था बघायची आणि "प्रवास टाळा" असं दिसलं तर खरोखर टाळायचा.

ग्रॅव्हलबर्गहून मूस जॉ सव्वा तासावर, तिथे तेहतीस हजारांच्या आसपास वस्ती आणि मोठी दुकानं. पण ग्रॅव्हलबर्गमध्ये किराणा, औषधं, बँकेचं काम गावातच होतं, त्यामुळे आठवडाभर हायवेला गाडी न काढताही भागतं. व्हॅल मरीत गाडी काढावीच लागते. तिथे मुरलेली माणसं स्विफ्ट करंटला जायचं तर एकाच फेरीत दात, टायर, किराणा, लायब्ररी आणि शेजारणीची औषधं उरकतात. ज्याला दहा मिनिटांत दूध हवं असतं त्याला हे जमत नाही. ज्याच्या घरी कणकेची मोठी पिंपं आणि भरलेला डीप फ्रीझर असतो त्याला जमतं.

उन्हाळ्याबद्दल जास्त लिहीत नाही. तो इतका सुंदर असतो की माणसं त्या भरात घर घेऊन टाकतात.

शेजार, आणि न लिहिलेला हप्ता

व्हॅल मरीकडे जाताना ग्रिड रोडवर, म्हणजे खडीच्या सरळ रस्त्यावर, समोरून येणारा ट्रकवाला स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट उचलतो. नमस्कार झाला. तुम्ही बोट उचललं नाहीत तर तो लक्षात ठेवतो. ग्रॅव्हलबर्गच्या मुख्य रस्त्यावर हे चालत नाही, तिथे गाड्या जास्त आहेत. माणसानं माणसाची दखल किती घ्यायची याचं प्रमाण गावाच्या आकाराबरोबर बदलतं.

सकाळी ठरावीक टेबलावर ठरावीक म्हातारे कॉफी घेऊन बसतात. याला 'कॉफी रो' म्हणतात. पाऊस, गव्हाचा भाव, सरकार आणि तुम्ही, असे चार विषय. तुम्ही घर घेतलंत की त्यांना आधी कळतं, बायकोला नंतर. आणि ते घर पुढची वीस वर्षं आधीच्या मालकाच्याच नावाने ओळखलं जातं.

शरद ऋतूत फाउल सपर असतं. गावच्या सभागृहात लांब टेबलं, टर्की, बटाट्याचा लगदा, कोबीत गुंडाळलेला भात, पेरोगी (सारण भरलेली उकडीची करंजी), भोपळ्याचा पाय, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ. शाकाहारी माणसाचं पेरोगी आणि पायवर पोट भरतं, फक्त ग्रेव्ही घालू नका म्हणून वेळेत सांगावं लागतं. पाहुणा म्हणून गेलात तर तिकीट काढून जेवायचं आणि घरी यायचं. गावचे म्हणून गेलात तर आधीच्या आठवड्यात फोन येतो: तुम्ही पाय किती आणणार आणि भांडी घासायच्या कुठल्या पाळीला येणार?

बर्फाच्या रिंकचंही तसंच. प्रेअरी, म्हणजे या गवताळ माळावरच्या, गावाचा हिवाळा या हॉकी-स्केटिंगच्या मैदानाभोवती फिरतो. हॉकीतला मोठा खेळाडू ब्रायन ट्रॉटिए व्हॅल मरीचा. खेळाडू म्हणून सहा वेळा स्टॅन्ली कप, म्हणजे हॉकीतला सर्वोच्च चषक, जिंकलेला हा माणूस तिथल्याच एका रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणावर, वाढला, आणि गाव ते विसरू देत नाही. पण रिंकचं बर्फ कुणीतरी पहाटे पाणी मारून बनवावं लागतं, कँटीनमध्ये कुणीतरी उभं राहावं लागतं, जमाखर्च कुणीतरी लिहावा लागतो. अग्निशमन दल स्वयंसेवकांचं, लायब्ररी समिती स्वयंसेवकांची, स्मशानातलं गवत कापणारे स्वयंसेवक. व्हॅल मरीत हे सगळं त्याच पंधरा-वीस जणांच्या डोक्यावर असतं आणि त्यातले अर्धे साठीपुढचे. नवं तरुण जोडपं आलं की गाव आनंदतं, त्यात प्रेम असतं आणि थोडा हिशेबही असतो. वर्षभरात तुम्हाला कौन्सिलसाठी उभं राहा म्हणून कुणी गळ घातली तर आश्चर्य मानू नका.

घराची किंमत कमी ठेवणारा हप्ता हाच. तो पैशात भरता येत नाही. ग्रॅव्हलबर्गमध्ये तुम्ही एक समिती धरलीत, मुलाच्या हॉकीसाठी चार पाळ्या केल्यात की माणसं खूश असतात, आणि एखादा हिवाळा दार लावून घरात बसलात तरी कुणाचं अडत नाही. व्हॅल मरीत एक घर अंग काढून घेतं तेव्हा खरोखर एखादी गोष्ट बंद पडते. काहींना हे ऐकून गुदमरल्यासारखं होईल. काहींना वाटेल, आपली कुणाला इतकी गरज आहे ही गोष्टच किती वर्षांत अनुभवली नाही. आपण यातले कोण, हे ब्रॅम्प्टनमध्ये बसून प्रामाणिकपणे ठरवता येतं. सोसायटीच्या सभेला तुम्ही जायचात का, यावरूनच बरंच कळेल.

सहकाराची भाषा मात्र मराठी माणसाला लगेच कळते. गहू पिकवणाऱ्यांनी १९२४ मध्ये सास्काचेवान व्हीट पूल उभा केला, आणि को-ऑप दुकानं व क्रेडिट युनियन अजून सभासदांच्या मालकीची आहेत. पेट्रोल भरलं की खात्यावर जमा होतं, वर्षाकाठी लाभांश मिळतो. साखर कारखान्याचा सभासद असलेल्या घरातून आलेल्याला वार्षिक सभेतली भांडणंसुद्धा ओळखीची वाटतील.

काम आणि कागदपत्रं

पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, मिळवण्यासाठी म्हणून या दोन गावांकडे बघत असाल तर थांबा. जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण स्थलांतर योजनेत देशभरातले १४ समुदाय निवडले गेले. प्रेअरीतले त्यात मूस जॉ, ब्रँडन, स्टाइनबाख, आल्टोना-राइनलँड आणि क्लेअर्सहोम. व्हॅल मरी नाही, ग्रॅव्हलबर्ग नाही. योजनेतही नेमून दिलेल्या मालकाकडची नोकरी हातात लागते, नुसतं गावात राहून काही होत नाही. प्रांताच्या नॉमिनी योजनेचा, म्हणजे प्रांताने पीआरसाठी नावं सुचवायच्या योजनेचा, कोटाही २०२५ मध्ये मोठ्या प्रमाणात कापला गेला. "गावात घर घे, पीआर मी बघतो" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच वाटेला लावा.

पीआर हातात असेल तर ग्रॅव्हलबर्गमध्ये परिचारिका, वृद्धांची काळजी घेणारे सहायक, स्वयंपाकी, शिक्षक, मेकॅनिक यांना काम मिळण्याची शक्यता बरी. प्रेअरीवरच्या अशा अनेक गावांत फिलिपिनो कुटुंबं याच कामांतून स्थिरावली आहेत आणि चर्चमुळे लवकर मिसळली आहेत. व्हॅल मरीत काम म्हणजे पार्क, गुरांची रँच, उन्हाळी पर्यटन, किंवा स्वतःचा लॅपटॉप. लॅपटॉपवाल्यांनी त्या नेमक्या पत्त्यावर कुठलं इंटरनेट मिळतं ते लेखी घ्यावं. गावात फायबर आहे याचा अर्थ तुमच्या घरात आहे असा होत नाही. भारताशी काम असेल तर एक सोय आहे. सास्काचेवानचा बहुतेक भाग घड्याळं पुढे-मागे करत नाही, त्यामुळे फरक बारा महिने साडेअकरा तासांचा. इथे सकाळचे सात वाजले की पुण्यात संध्याकाळचे साडेसहा.

आपण तिथे

भोवतालच्या शेतांत मसूर आहे. कॅनडाचा बहुतेक मसूर सास्काचेवानात पिकतो आणि भारत त्याचं मोठं गिऱ्हाईक. डिसेंबर २०१७ मध्ये भारताने मसुरावर ३० टक्के आयातशुल्क लावलं तेव्हा इथल्या कॉफी रोवर दिल्लीच्या राजकारणाची चर्चा होत होती. तुम्ही भारतातून आलात म्हटलं की शेतकरी विचारणार, तुमच्याकडे डाळ नक्की कशी खातात? त्याने आयुष्यभर ती पिकवलेली असते, आणि बरेचदा आमटी चाखलेलीही नसते. एकदा घरी बोलवून आमटी-भात वाढा, ओळखीचं काम झालं.

दुखणारा भागही सांगायला हवा. गणपतीला शेजारी आणखी एक मराठी घर असेल ही अपेक्षा दोन्हीकडे ठेवू नका. त्यासाठी रजायना किंवा कॅलगरीची फेरी. आडवळणाची टोमणेबाजी क्वचित ऐकू येते, भाबडे प्रश्न वरचेवर येतात. ग्रॅव्हलबर्गमध्ये नव्यांची थोडी सवय आहे. व्हॅल मरीला जगभरचे पर्यटक येतात, त्यामुळे पाहुण्याची सवय आहे. पण पाहुणा ऑक्टोबरनंतरही गेला नाही, याची सवय व्हायला वेळ लागतो. मुलांचं मराठी टिकवायचं ओझं मात्र संपूर्ण तुमच्या घरावर.

मोठ्यांपैकी ज्याला लिहायचं आहे, फोटो काढायचे आहेत, पक्षी बघायचे आहेत किंवा नुसतं शांत राहायचं आहे, त्याला फ्रेंचमन नदीच्या खोऱ्यातलं व्हॅल मरी मी डोळे मिटून सुचवीन. ग्रॅव्हलबर्गचा माळ पार्कच्या माळापुढे सपाट आणि नांगरलेला वाटतो. देखण्या निसर्गासाठी एवढ्या लांब यायचं असेल तर अर्ध्या वाटेवर थांबण्यात मजा नाही.

कुठलंही निवडा, घर बघायला फेब्रुवारीत जा. जुलैत सगळीच गावं चांगली दिसतात. चार दिवस राहा, एका रात्री रिंकवर जाऊन बसा, कॉफी रोच्या शेजारच्या टेबलावर नाश्ता करा, कौन्सिलची सभा असेल तर मागच्या खुर्चीत बसा, ती सगळ्यांना खुली असते. जमलं तर आधी एक हिवाळा भाड्याने काढा. व्हॅल मरीत भाड्याचं घर जाहिरातीत सहसा दिसणार नाही. गावच्या कार्यालयात फोन करून कुणाची खोली रिकामी आहे का विचारा. फोन उचलणाऱ्या बाईंना गावातलं प्रत्येक घर माहीत असतं, आणि कुणाचं तळघर ओलं आहे तेही.